खैरनारांकडचं विरजण

हेमांगी खैरनारला आपल्या दह्याचा अभिमान होता आणि तो तिने कधी लपवला नाही. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या त्या सोसायटीत आताशा दूध नळाने यायचं, भाजी ड्रोनमधून गच्चीवर उतरायची, केर काढायला बुटकं यंत्र घरभर फिरायचं. दही मात्र ज्याच्या त्याच्या घरी, ज्याच्या त्याच्या हातानंच लागायचं. विकतच्या दह्याला हेमांगी ‘पांढरी जेली’ म्हणायची. पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायची.

एका रविवारी तिची नणंद सहकुटुंब आली, मठ्ठ्याच्या दोन फेऱ्या झाल्या आणि दह्याचं भांडं तळापर्यंत खरवडलं गेलं. संध्याकाळी दूध कोमट करून झाल्यावर हेमांगीच्या लक्षात आलं, की विरजणाला चमचाभरसुद्धा दही शिल्लक नाही. आता आली का पंचाईत! खालच्या मजल्यावर शालिनीकाकू आहेरांकडे मागता आलं असतं. पण काकूंकडे विरजण मागायचं म्हणजे हार पत्करायची. तिने फ्रीज उपसला. लिंबाच्या लोणच्याच्या बरणीमागे झाकण घातलेली एक छोटी स्टीलची वाटी सापडली. आत पांढरंशुभ्र, घट्ट काहीतरी लागलेलं. आपणच कधीतरी काढून ठेवलं असेल, असं म्हणून तिने बोटानं चाखलं. चव चांगली होती, जिभेच्या टोकाला जरा चुणचुणलं इतकंच. तिने वाटी निपटून दुधात घातली, ढवळली आणि भांडं झाकून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं.

ती वाटी तिने ठेवलेली नव्हतीच. तिच्या सोळा वर्षांच्या मुलानं, निहारनं, ती तिथे लपवली होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर निहार फ्रीजमध्ये डोकं घालून बराच वेळ उभा राहिला.

“आई, इथे मागे एक छोटी वाटी होती गं.”

“होती. घासली. का रे, काय होतं त्यात?”

“काही नाही. असंच.”

“असंच काय? माझा फ्रीज म्हणजे काय अडगळीची खोली आहे? काहीबाही कोंबून ठेवता आणि वास आला की आईच्या नावानं बोंबलता.”

निहार हसला. वाटीतलं मोरीत वाहून गेलं असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याला जरा सुटल्यासारखंच झालं. वाटी घासण्याआधी आईनं काय केलं, हे विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. सोळा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात ते कसं यावं? दही घरात कसं येतं, हे त्याने कधी पाहिलेलंच नव्हतं.

त्या वाटीत काय होतं, ते आधी सांगायला हवं. त्या काळात अल्पवयीन मुलांना दारू मिळणं जवळजवळ बंद झालं होतं. दुकानातला कॅमेरा चेहऱ्यावरून वय ओळखायचा, घरपोच मागवली तर बोटाचा ठसा लागायचा आणि कॉलेजच्या फाटकावर रोज सकाळी प्रत्येकाला नळीत फुंकावं लागायचं. हिरवा दिवा लागला तर आत, लाल लागला तर आईबापांना फोन. मोठ्या माणसांना वाटलं, प्रश्न सुटला. मोठ्या माणसांना असं फार लवकर वाटतं.

मुलांनी दारू विकत घेणं सोडलं आणि पोटातच गाळायला सुरुवात केली. द्राक्षाच्या रसाची वाइन करणारं, पाव फुगवणारं जे यीस्ट असतं, म्हणजे किण्व, त्यातल्या एका जातीत कुणीतरी कुठल्याशा प्रयोगशाळेत फेरफार केला. हे नवं किण्व माणसाच्या आतड्यात मुक्काम ठोकायचं आणि साखरेचं मद्य करायचं. ते सतत चालू राहू नये म्हणून त्याला एक जैविक कुलूप घातलेलं होतं. रोजच्या जेवणात न सापडणारी एक खास साखर पोटात गेली, तरच ते जागं व्हायचं. ती साखर निळ्या गोळीतून मिळायची. मुलं किण्वाला ‘पाहुणा’ म्हणायची आणि गोळीला ‘किल्ली’. “संध्याकाळी पाहुणा उठवायचा का?” असं आईबापांसमोर फोनवर खुशाल बोलायची. बाटली नाही, ग्लास नाही, खिशात काही सापडायचं नाही. ‘मी दारूच्या थेंबालाही शिवलो नाही’ अशी देवापुढे उभं राहून शपथ घ्यावी, आणि ती खोटीही ठरू नये! सकाळच्या नळीला चकवायला किल्ली कॉलेज सुटल्यावर घ्यायची, एवढं पथ्य पाळलं की झालं.

निहारला त्याच्या वर्गातल्या अद्वैतनं पाहुणा दिला. निहारला त्याची फार हौस होती अशातला भाग नाही. नाही म्हटलं असतं तर कुणी त्याला मारलं नसतं. फक्त दुसऱ्या दिवसापासून ग्रुपमध्ये त्याच्याशी कुणी बोललं नसतं, आणि त्या वयात त्यापेक्षा मार परवडतो. थोडासा घरी दुधात मुरवून ठेव, पोटातला मेला तर पुन्हा सुरू करता येतो, असं अद्वैतनं सांगितलं होतं. म्हणून ती वाटी.

इकडे हेमांगीचं दही असं काही लागलं, की सुरीनं वड्या पाडाव्यात. शालिनीकाकूंनी वाटीभर चाखलं आणि गप्पच झाल्या. काकू गप्प होणं ही सोसायटीत बातमी होती.

“हेमांगी, काय घालतेस गं दुधात?”

“काही नाही काकू, हाताचा गुण असतो एकेकाच्या.”

“हात कसला, कसलीशी चुणचुणणारी गोडी आहे. मला दे बाई थोडं विरजण. आमची इरा दह्याशिवाय घास गिळत नाही.”

इरा ही काकूंची तीन वर्षांची नात. तिचे आईवडील दिवसभर नोकरीवर, त्यामुळे ती काकूंच्याच अंगाखांद्यावर वाढत होती. हेमांगीनं वाटी भरून दिली. मागितलेल्या विरजणाला नाही म्हणायचं नसतं, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. मग काकूंचं ऐकून समोरच्या विंगमधल्या बायका आल्या, योगाच्या वर्गातल्या आल्या. हेमांगीनं कुणालाही रिकाम्या हातानं पाठवलं नाही, आणि प्रत्येक वाटीबरोबर तिची मान थोडी अधिक ताठ होत गेली.

साधारण त्याच सुमाराला निहारनं त्र्यंबक रोडवर गाडी दुभाजकावर घातली. अद्वैतच्या घरून येत होता, पाहुणा जागा होता, वळण दिसलं पण हाताला कळायला उशीर झाला. गळ्याजवळचं हासळीचं हाड मोडलं. डोकं वाचलं ते हेल्मेटमुळे.

दवाखान्यात रक्त तपासलं आणि सगळं बाहेर आलं. पोटविकारतज्ज्ञ डॉ. उर्मिला पिंगळे यांनी आईवडिलांना समोर बसवलं. ही बाई गोड बोलणाऱ्यातली नव्हती.

“यकृतावर सूज आहे. सोळाव्या वर्षी. पण मला काळजी वेगळीच आहे. मोठा माणूस दारू पितो तेव्हा बांधलेल्या घराची पडझड होते. ह्याचं घर अजून बांधून व्हायचंय. मेंदूचा पुढचा भाग, जो आपल्याला ‘थांब’ म्हणतो, तो पंचविशीपर्यंत घडत असतो. आठवण जिथे साठते तो भाग ह्या वयात फार नाजूक असतो. आणि ह्या वयात मेंदूला एकदा सवय लागली, की ती पुढे आयुष्यभर मानेवर बसते.”

“आठवण?” हेमांगीनं विचारलं.

कारण निहार म्हणजे खैरनार घराण्याची स्मरणशक्ती होता. कुणाचा वाढदिवस कधी, कुणाचं लग्न कुठल्या साली, कुठल्या आत्याच्या गाडीचा नंबर काय, सगळं त्याच्या तोंडावर. नातेवाईक त्याला फोन करून विचारायचे. आणि मागच्याच आठवड्यात तो आईचा वाढदिवस विसरला होता. तिने मनाला लावून घेतलं नव्हतं. वाढत्या वयाची मुलं विसरतात, असं ती म्हणाली होती.

औषधांनी किण्व मारलं. तपासणीत पोट स्वच्छ निघालं. कॉलेजच्या प्राचार्यांनी समज दिली, की पुन्हा एकदा लाल दिवा लागला तर नाव कमी करू. निहारच्या वडिलांनी, संदेशनी, त्याच्याही पुढचं सांगितलं. डोंगरात एक बंदिस्त सुधारकेंद्र होतं. तिथे मुलाला दोन वर्षं ठेवायचे, फोन नाही, मित्र नाहीत, आईबापांची भेटही नाही.

“एकदा चुकलास, सोडलं. पुन्हा दिसलं तर थेट तिकडे. मी भावनेच्या भरात बोलत नाहीये.”

निहारनं उरलेल्या किल्ल्या सगळ्यांसमोर संडासात ओतल्या आणि आईच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली. ती शपथ खरी होती. तो इतका घाबरला होता, की त्या दिवसापासून त्याने अद्वैतचं नाव घेतलं नाही. तो अभ्यासाला बसायचा, वाचलेलं पुन्हा वाचायचा, आणि हळूहळू त्याला ते लक्षात राहायलाही लागलं.

डॉक्टरांनी जाताना सांगितलं होतं, की औषधं जालीम आहेत, थोडे दिवस हलकं द्या, दहीभात, ताक. हेमांगीला तेवढंच हवं होतं. पोराच्या ताटात दोन्ही वेळा दही पडायला लागलं.

सराव परीक्षेच्या सकाळी निहार बुटाचे बंद बांधत होता. हेमांगी वाटी घेऊन दारात आली.

“हात पुढे कर.”

“आई, उशीर होतोय.”

“दही-साखरेला किती वेळ लागतो? घे. सगळं आठवेल बघ.”

त्याने तळहात पुढे केला, चाटून खाल्लं, तिच्या पायाला हात लावला आणि जिना उतरला. जाताना तो शीळ घालत होता. किती दिवसांनी ऐकली, म्हणून हेमांगीला बरं वाटलं.

तासाभरानं कॉलेजातून फोन आला. लाल दिवा.

हेमांगी रिक्षानं गेली. निहार फाटकाजवळच्या बाकावर बसला होता. चेहरा लालबुंद, डोळे ओले. येणारी जाणारी मुलं त्याच्याकडे बघून पुढे जात होती. ती जवळ गेली, आणि तिला त्याच्या तोंडाचा वास आला. बारीक, आंबूस, पण दारूचाच.

“निहार.”

“आई, मी घेतलं नाही गं.”

“माझ्या गळ्याची शपथ घेतली होतीस.”

“खरंच नाही घेतलं. आई, माझ्याकडे बघ ना. तुला तरी खरं वाटतंय ना?”

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. वास नाकात असताना माणसानं कशावर विश्वास ठेवायचा? त्या क्षणी तिला स्वतःच्या पोराचा तिटकारा आला, आणि आपल्याला असं वाटू शकतं याची भीती त्याहून जास्त वाटली. रिक्षात ती बाहेरच बघत राहिली. निहार रडत रडत तेच तेच सांगत राहिला आणि घर जवळ आल्यावर गप्प झाला.

संदेशच्या विनवण्यांमुळे प्राचार्यांनी नाव कमी करण्याचा निर्णय तेवढा पुढे ढकलला. डॉ. पिंगळ्यांनी निहारला दवाखान्यातच ठेवून घेतलं. काही दिवसांत पोट पुन्हा स्वच्छ. घरी आणलं, फोन काढून घेतला, दाराला बाहेरून कडी. आठवडा गेला नाही तोच जेवणानंतर त्याची जीभ जड व्हायला लागली. टेबलावरचा पेला उचलताना हात चुकला. एकदा एकोणतीसचा पाढा म्हणताना तो मधेच अडकला आणि घाबरून आईकडे बघायला लागला.

“बास,” संदेश म्हणाला. “सोमवारी केंद्राची गाडी येतेय.”

“बाबा, मी बाहेर पडलोच नाही तर आणणार कुठून?”

“ते तूच सांग. खोटं बोलायला तर शिकलाच आहेस.”

हेमांगीनं पोराची बॅग भरली. कपड्यांच्या घड्या घालताना तिला सारखी गरगर वाटत होती, अंगातून गरम वाफा येत होत्या. हल्ली दुपारी तिला फार झोप यायची, कशावरूनही हसू यायचं, कशावरूनही रडू. वय झालं, पाळी जायचे दिवस आले, असं तिने ठरवून टाकलं होतं. आणि घरात एवढं रामायण चाललेलं असताना स्वतःच्या तब्येतीकडे कोण बघतं?

केंद्रात जाण्याआधीच्या तपासणीसाठी ते तिघं डॉ. पिंगळ्यांकडे गेले. निहारचा दिवा लाल लागला. डॉक्टरांनी त्याचे आधीचे सगळे अहवाल टेबलावर मांडले.

“मला एक समजत नाही. इथे असतो तेव्हा साफ असतो. घरी गेला की पुन्हा. आणि आता हे किण्व किल्लीशिवाय चालतंय. साध्या साखरेवर, भातावर.”

“मित्र पोचवत असतील काहीतरी,” संदेश म्हणाला.

“कुठून पोचवणार, बाबा? खिडकीतून?” निहारचा आवाज थकलेला होता. मग तो आईकडे वळला. “तू तरी सांग ना. तू दिवसभर माझ्यासमोर बसलेली असतेस.”

हेमांगीला हसू आलं. कशाचं, ते तिचं तिलाही कळलं नाही. ती खुर्चीत जरा कलली आणि सावरून बसली. डॉक्टरांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग टेबलावरची नळी तिच्यापुढे केली.

“तुम्ही जरा फुंका.”

“मी? अहो डॉक्टर, काहीतरीच काय! आमच्या माहेरी तर खोकल्याचं औषधसुद्धा हुंगून घेतात.”

“फुंका.”

तिने फुंकलं. दिवा लाल लागला.

संदेशनं नळी हिसकावून घेतली आणि स्वतः फुंकलं. हिरवा.

“म्हणजे तुमच्या घरात असं काहीतरी आहे,” डॉक्टर सावकाश म्हणाल्या, “जे ह्या दोघांच्या पोटात जातं आणि तुमच्या जात नाही. काय खात नाही तुम्ही?”

“मी सगळं खातो. फक्त दही नाही चालत. सर्दी होते मला.”

निहार आईकडे वळला.

“आई, ती वाटी. लोणच्याच्या मागची. तू घासलीस म्हणालीस ना?”

“घासली की.”

“त्यात जे होतं ते?”

हेमांगी त्याच्याकडे बघत राहिली.

“विरजण लावलं,” ती म्हणाली.

डॉ. पिंगळे उठून खिडकीपाशी गेल्या आणि परत आल्या. रागावल्या नाहीत, हे विशेष. त्यांनी समजावलं, ते असं. किण्वाला घातलेलं कुलूप पक्कं होतं, पण सजीव वस्तू कुलपात फार दिवस राहत नाही. हेमांगी रोज संध्याकाळी त्याला ताजं कोमट दूध देत होती. ज्या पेशींचं कुलूप चुकून ढिलं होतं त्या दुधातल्या साखरेवर जोरात वाढल्या, बाकीच्या मागे पडल्या. दुसऱ्या दिवशीच्या चमच्यात अर्थातच जोरात वाढलेल्या जास्त आल्या. रोज तेच झालं. बंद प्रयोगशाळेत वर्षभर जे साधलं नसतं, ते ओट्याच्या कोपऱ्यात काही आठवड्यांत झालं. उकळलेल्या कढीत किण्व मरायचं. कच्च्या दह्यात, ताकात, दहीभातात जिवंत राहायचं. आणि औषधांनी निहारचं पोट साफ झालं, की आई त्याला पुन्हा भरवायची.

“दही आणि वर साखर,” हेमांगी पुटपुटली. “परीक्षेला जाताना. मीच.”

ती उठून निहारपाशी गेली. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

“मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही रे. तू जीव तोडून सांगत होतास आणि मी तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.”

निहार तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. “मी तरी कुठे सांगितलं तुला वाटीत काय आहे ते,” एवढंच म्हणाला. संदेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. त्याने खिशातून फोन काढला आणि केंद्राची गाडी रद्द केली.

“एक विचारायचं राहिलं,” डॉक्टर म्हणाल्या. “हे विरजण आणखी कुणाला दिलंत का?”

हेमांगीनं बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि हात खाली ठेवला.

घरी येताना गाडीत वाद झाला. संदेशचं म्हणणं होतं, की दही बिघडलंय, टाकून द्या, असा निरोप ग्रुपवर टाकावा आणि विषय संपवावा. निहारचं नाव कशाला? उद्या कॉलेज आहे, परवा नोकरी आहे, लग्न आहे. नाशिक केवढंसं?

“टाकून दिलं म्हणजे पोटातलं जाणार आहे का, बाबा?” निहार म्हणाला. “त्यांना औषध लागेल. आणि औषध कशासाठी, ते सांगावं लागेल.”

“तुझ्याकडे बोट दाखवतील रे.”

“दाखवू देत. घरात कुणी विश्वास ठेवत नव्हतं, ते मी सोसलं. हे काय त्याहून अवघड आहे?”

हेमांगीनं डोळे पुसले आणि म्हणाली, “आधी काकूंकडे जाऊ.”

शालिनीकाकूंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. “हळू. इरा झोपलीय.”

“ह्या वेळेला?” संध्याकाळचे सहा वाजत आले होते.

“अगं, काय सांगू तुला, पोर इतकी गुणी झालीय! पूर्वी घर डोक्यावर घ्यायची, पडद्यांना लोंबकळायची, दिवसभर ‘आजी हे का, आजी ते का’. आता दहीभात खाल्ला, की कोपऱ्यात शांत बसते आणि झोपून जाते. चालताना जरा धडपडते, पण पाय अजून कोवळे आहेत. तुझ्या दह्याचा गुण बघ. मी तर धुळ्याला बहिणीकडेसुद्धा पाठवलं विरजण, तिच्या नातवासाठी.”

मग निहार पुढे झाला. “आजी, आत बसू या का? मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय,” तो म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं. कुठे अडखळला नाही, काही लपवलं नाही. काकू ऐकत होत्या. शेवटी त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि झोपलेल्या नातीला हलवून हलवून हाका मारायला लागल्या. इरानं डोळे उघडायला फार वेळ घेतला.

डॉ. पिंगळ्यांच्या वॉर्डात आठवडाभरात खाटा कमी पडायला लागल्या. त्यातल्या बऱ्याच खाटा लहान होत्या. सोसायटीतल्या काही बायकांनी हेमांगीशी बोलणं टाकलं, एकीनं भर जिन्यात निहारला नको नको ते सुनावलं. धुळ्याहून फोन आला. धुळ्याच्या बहिणीनं पुढे तिच्या भजनी मंडळातल्या बायकांना वाटलं होतं. त्यांनी पुढे कुणाला, ते कुणालाच नीट आठवत नव्हतं.

निहारचंही औषध चालू होतं. तो सलाईन संपली की इराच्या खाटेजवळ येऊन बसायचा. काकूंनी पहिल्या दिवशी त्याला हाकललं, दुसऱ्या दिवशी हाकललं नाही. इराच्या पोटातलं किण्व मेलं होतं, आणि आता तिचे हात थरथरत होते. कपाळाला घाम होता. खाऊ नको, खेळणं नको, आजी नको. ती एकसारखी एकच शब्द म्हणत होती.

“दही.”

“दोनचार दिवसांत हात थांबतील,” डॉक्टर तिची नाडी बघत म्हणाल्या. “औषधावर आहे ती. घाबरू नकोस.”

“आणि हे दही मागणं?”

डॉक्टरांनी इराच्या कपाळावरचा घाम टिपला. “तुला अजून वाटतं का, किल्ली घ्यावी असं?”

“रोज वाटतं,” निहार म्हणाला. “संध्याकाळ झाली की वाटतं. पण मला आठवतं ना, आधी मी कसा होतो ते. काय काय पाठ असायचं, कशाला हसायचो. तसं पुन्हा व्हायचंय म्हणून मी दम धरतो.”

इरानं त्याचं बोट पकडलं आणि ओढलं. तिची पकड ढिली होती, पण तिने सोडलं नाही.

“दादा, दही.”

निहारनं डॉक्टरांकडे पाहिलं.

“ही तीन वर्षांची आहे, डॉक्टर. आधी कशी होती, ते हिला कुठून आठवणार? मोठी झाल्यावर हिला हे मागणं आपलंच, जन्मापासूनचं वाटलं, तर?”